जुन्या परफॉर्मन्स गाडीला नायट्रस बसवताना: आधी पेट्रोल, मग बाटली

नायट्रस म्हणजे नायट्रस ऑक्साइड वायू; तो बाटलीतून इंजिनात सोडून गाडीची ताकद थोडा वेळ वाढवतात. "नायट्रसने इंजिन फुटलं" हे वाक्य सर्रास कानावर येतं. असं फुटलेलं इंजिन उघडलं की दिसतं ते मात्र निराळं असतं. पिस्टनची कड वितळलेली असते, म्हणजे त्या सिलिंडरला त्या क्षणी पेट्रोल कमी पडलेलं असतं, किंवा ठिणगी गरजेपेक्षा लवकर पडलेली असते. नायट्रस आपलं काम चोख करतं. जुन्या गाडीतला दमलेला पंप, आतून सोललेली रबरी नळी आणि खेळ आलेला डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) ऐनवेळी दगा देतात. म्हणून किटच्या पुस्तिकेत जो क्रम असतो, त्याच्या जवळजवळ उलटा क्रम मी इथे धरला आहे. बाटली बऱ्याच उशिरा येईल.

एक गोष्ट आधीच पाहून घ्या. अनेक ठिकाणी जोडलेल्या नायट्रससह सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवणं बेकायदा आहे, आणि रेसिंग ट्रॅकचेही बाटली, व्हॉल्व्ह आणि हीटरबद्दल स्वतःचे नियम असतात. ते वाचून मगच सामान घ्या. पुढचं सगळं ट्रॅकसाठीच लिहिलं आहे.

इंजिनात नेमकं काय घडतं

नायट्रस ऑक्साइड स्वतः जळत नाही. त्याच्या वजनाचा सुमारे ३६ टक्के भाग ऑक्सिजन असतो. हवेत वजनाने ऑक्सिजन २३ टक्के. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचा रेणू फुटतो आणि तो ऑक्सिजन मोकळा होतो. जादा ऑक्सिजन आला की जादा पेट्रोल जाळता येतं, आणि ताकद मिळते ती त्या जादा पेट्रोलातून. दुसरा फायदा थंडाव्याचा. द्रव नायट्रस उणे ८८ अंशांना उकळतं, त्यामुळे नोझलमधून बाहेर पडताच ते आत येणाऱ्या हवेला गार करतं आणि हवा दाट होते. प्रीस्टलीने हा वायू १७७२ मध्ये वेगळा केला, आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांनी विरळ हवेत इंजिनाचा दम टिकवण्यासाठी तो 'जीएम-१' या नावाने वापरला. गाड्यांमध्ये तो त्यानंतर आला.

एक मुद्दा नीट समजून घ्या, कारण पुढचे अर्धे निर्णय त्यावर उभे आहेत. नायट्रसचा प्रवाह सेकंदाला ठरावीक असतो. इंजिन किती वेगाने फिरतंय याच्याशी त्याला काही घेणं नसतं. २,००० आरपीएमला सिलिंडरच्या दर फेरीला जेवढं नायट्रस मिळतं, ते ६,००० आरपीएमच्या तिप्पट असतं. त्यामुळे कमी आरपीएमला बटण दाबलं की सिलिंडरमधला दाब एकदम उसळतो, कनेक्टिंग रॉड वाकतात, हेड गॅस्केट उडतं. नायट्रस ३,००० आरपीएमच्या वर आणि फुल थ्रॉटललाच सुरू करायचं, ते याचसाठी.

इंजिनाची तपासणी

इंजिन गरम करा, सगळे प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि कम्प्रेशन मोजा. आकडा किती आहे यापेक्षा सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत आहेत का, हे महत्त्वाचं. त्यानंतर लीक-डाउन चाचणी, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून ती किती गळते ते पाहणं. गळती १० टक्क्यांखाली असेल तर उत्तम, २० च्या वर असेल तर आधी इंजिनाचं काम करा. ही चाचणी करताना कान लावून ऐका. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल कॅपमधून आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर हेड गॅस्केट.

मूळच्या ओतीव पिस्टनवर किती भार टाकायचा, याचे बरेच वर्षांपासून रूढ असलेले अंदाज आहेत: चार सिलिंडरला ४० ते ६० अश्वशक्ती, सहाला ७५ ते १००, आठला १२५ ते १५०. मी जुन्या इंजिनाला या पट्ट्याच्या खालच्या टोकालाच थांबतो. फोर्ज्ड पिस्टन घातलेलं इंजिन जास्त सोसतं, पण तिथेही वरच्या रिंगची गॅप नायट्रससाठी वाढवलेली हवी. उष्णतेने रिंग फुगते, तिची दोन टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची खाच तुटून बाहेर येते. इंजिन दुसऱ्या कुणी बांधलेलं असेल तर ही गॅप किती ठेवली होती हे विचारा. उत्तर मिळत नसेल तर मूळ इंजिन समजूनच चाला.

क्लच, इंजिन माउंट, ड्राइव्ह जॉइंट आणि ब्रेक एकदा पाहून घ्या. यात फार वेळ घालवायची गरज नाही; खराब असेल ते दिसतंच.

पेट्रोल

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. इथे घाई करू नका.

साधा हिशेब असा. फुल थ्रॉटलला पेट्रोल इंजिन दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण ०.२३ किलो पेट्रोल घेतं. समजा गाडी २०० अश्वशक्तीची आहे आणि तुम्ही ७५ वाढवताय. २७५ गुणिले ०.२३ म्हणजे तासाला ६३ किलो, म्हणजे अंदाजे ८५ लिटर. नायट्रसवर मिश्रण मुद्दाम रिच (पेट्रोल जास्त असलेलं) ठेवतात आणि पंप जुना असतो, म्हणून वर ३० टक्के धरा: तासाला ११० लिटर. अर्ध्या मिनिटाला सुमारे ९२० मिलि.

आता हे मोजा. पेट्रोलची लाइन इंजिनाजवळच्या टोकाला सोडा, प्रेशर रेग्युलेटर मध्ये राहू द्या, नळी मापाच्या भांड्यात सोडा आणि ३० सेकंद पंप चालवा. रेग्युलेटर काढून मोकळ्या नळीतून मोजलेला आकडा फसवा असतो, कारण दाबाविरुद्ध ढकलताना पंपाचा प्रवाह खूप घटतो. हे काम उघड्यावर करा, इंजिन गार असताना करा, आणि अग्निशामक हाताशी ठेवा.

कार्ब्युरेटरच्या गाडीत पंप बहुधा इंजिनावरच बसवलेला आणि कॅमने चालणारा असतो. तो गाडीपुरता पुरतो. नायट्रसचा जादा भार त्याच्यावर टाकू नका. नायट्रससाठी वेगळा इलेक्ट्रिक पंप आणि वेगळा रेग्युलेटर लावा. टाकीपासून लाइनही वेगळी घेता आली तर सोन्याहून पिवळं. इंजेक्शनच्या गाडीत फ्युएल रेलवरून फाटा काढता येतो, पण मग रेलमधला दाब नायट्रस सुरू असताना पडत नाही ना, हे गेजवर स्वतः पाहावं लागतं.

मूळ नळ्या आणि फिल्टर बदला, दिसायला कितीही चांगले असोत. माझ्या पहिल्या नायट्रसच्या गाडीत टाकीतला गंज फिल्टरमध्ये साचला होता. गाडी रोज छान चालायची, दोन रनही छान गेले. तिसऱ्या रनला तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन कडेला वितळला. फिल्टर कापून पाहिला तर निम्मा भरलेला होता. तेव्हापासून मी टाकी उतरवून आतून पाहिल्याशिवाय नायट्रसच्या कामाला हात लावत नाही.

पेट्रोलच्या जेटचं, म्हणजे प्रवाह ठरवणाऱ्या बारीक छिद्राच्या तुकड्याचं, माप दाबावर ठरतं. कार्ब्युरेटरच्या गाडीत तो दाब ५ ते ७ पीएसआय असतो, इंजेक्शनच्या गाडीत बहुधा ४० च्या वर. एका प्रकारच्या किटचा जेट दुसऱ्या प्रकारच्या गाडीला बसवला तर मिश्रण पार बिघडतं. किटच्या तक्त्यात ज्या दाबासाठी जेट दिला आहे, तोच दाब सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) उघडा असताना मिळायला हवा, बंद असतानाचा नव्हे. आणि पेट्रोलच्या लाइनमध्ये दाब पडला की नायट्रस तोडणारा सेफ्टी स्विच लावाच. हा छोटा स्विच आख्खं इंजिन वाचवतो.

ऑक्टेनमध्ये काटकसर नको. मिळेल ते सर्वांत चांगलं पेट्रोल, आणि ताजं.

ठिणगी

नायट्रसवर मिश्रण भराभर जळतं, म्हणून दाबाचा शिखरबिंदू लवकर येतो. तो जागेवर आणण्यासाठी टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे घ्यावं लागतं, म्हणजे ठिणगी उशिरा पाडावी लागते: दर ५० अश्वशक्तीमागे २ अंश हा सुरुवातीचा सुरक्षित हिशेब. ७५ ला ३ अंश.

जुन्या गाडीत इथे एक सापळा असतो. क्रँकच्या पुढच्या पुलीवर, म्हणजे हार्मोनिक बॅलन्सरवर, टायमिंगची खूण असते. त्याची बाहेरची कडी आतल्या भागाला रबराने चिकटवलेली असते. वर्षानुवर्षांनी ते रबर सुटतं, कडी सरकते आणि खूण खोटं बोलू लागते. टायमिंग लाइटमध्ये ३२ अंश दिसतात, प्रत्यक्षात ३८ असतात. म्हणून आधी पिस्टन स्टॉपने एक नंबर सिलिंडरचा खरा टॉप डेड सेंटर (पिस्टन सर्वांत वर असतो तो बिंदू) शोधा आणि खूण पडताळा. मग डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हाताने हलवून खेळ पाहा, वजनं आणि स्प्रिंगा मोकळ्या आहेत का पाहा, आणि ३,००० आरपीएमच्या वर एकूण टायमिंग मोजा. मोजताना व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद करा. फुल थ्रॉटलला व्हॅक्यूम उरत नसल्यामुळे तो ॲडव्हान्स नायट्रसवर लागूच होत नाही. टायमिंग कायमचं मागे ठेवलं तर एरवी गाडी थोडी मंद वाटेल. नको असेल तर नायट्रस सुरू असतानाच टायमिंग मागे घेणारा रिटार्ड बॉक्स लावा.

प्लग एक पायरी थंड घ्या, १०० अश्वशक्तीच्या पुढे दोन पायऱ्या. टोक बाहेर न आलेले साधे प्लग चांगले. प्लॅटिनमचे किंवा अनेक इलेक्ट्रोडचे नकोत, कारण त्यांची बारीक टोकं तापून ठिणगीआधीच मिश्रण पेटवतात. गॅप ०.७५ ते ०.९ मिमी ठेवा. दाब वाढला की मोठी गॅप ओलांडणं जुन्या कॉइलला जमत नाही.

कोणतं किट

ड्राय किटमध्ये नोझलमधून फक्त नायट्रस येतं आणि जादा पेट्रोल मूळ इंजेक्टरकडून मागवलं जातं. जुन्या इंजेक्शन गाड्यांचा कंट्रोलर आणि इंजेक्टर तेवढं देऊ शकतात की नाही याचा भरवसा नसतो, म्हणून मी तिथेही वेट किट निवडतो. वेटमध्ये नायट्रस आणि पेट्रोल एकाच नोझलमधून येतात. नोझल थ्रॉटल बॉडीच्या थोडं आधी, पण हवेच्या सेन्सरनंतर बसवा. मॅनिफोल्ड खोलगट आणि लांब नळ्यांचा असेल तर कमी आरपीएमला पेट्रोल खाली साचतं आणि एका भडक्यात मॅनिफोल्ड फुटतो. कमी आरपीएमला नायट्रस न देण्याचं हे दुसरं कारण.

कार्ब्युरेटरच्या गाडीला त्याच्या खाली बसणारी प्लेट सर्वांत सोपी. प्लेटने कार्ब्युरेटर उंच होतो. बॉनेट आणि थ्रॉटल लिंकेजला जागा उरते का हे आधी मापून घ्या. दर सिलिंडरला वेगळा नोझल देणारं डायरेक्ट पोर्ट किट मोठ्या ताकदीसाठी असतं, इथे त्याची गरज नाही.

बाटली, नळी, सोलेनॉइड

४.५ किलोची बाटली सर्रास वापरतात. १०० अश्वशक्तीला १० सेकंदांत साधारण ४०० ते ४५० ग्रॅम नायट्रस जातं, म्हणजे आमच्या उदाहरणातल्या ७५ ला ३०० च्या आसपास. शेवटच्या पाचव्या हिश्श्यात दाब टिकत नाही, तो हिशेबात धरू नका. किती उरलं हे वजन करूनच कळतं. गेजवर दिसतो तो दाब, आणि बाटली नुसती उभी असताना द्रव संपेपर्यंत तो जवळपास तसाच दिसतो.

बाटलीत आत एक वाकडी नळी असते, तिचं टोक तळाशी मागच्या बाजूला टेकलेलं असतं. म्हणून बाटली आडवी बसवताना व्हॉल्व्ह गाडीच्या पुढच्या दिशेला, लेबल वर, आणि व्हॉल्व्हचं टोक किंचित उंच ठेवतात. गाडी झेपावते तेव्हा द्रव मागे जातो आणि नळीला तो मिळत राहतो. उलटी बसवली तर ऐन वेगात द्रवाऐवजी वाफ येईल. कंस पत्र्याला स्क्रूने नको, आरपार बोल्ट आणि मागे मोठी पट्टी. बाटलीवरच्या सेफ्टी डिस्कमधून निघणारी नळी गाडीबाहेर काढा. हॅचबॅकमध्ये डिकी आणि केबिन एकच असतात. बंद केबिनमध्ये हा वायू ऑक्सिजनची जागा घेतो आणि चालकाला भोवळ येते. गाड्यांच्या नायट्रसमध्ये कुणी हुंगू नये म्हणून थोडा सल्फर डायऑक्साइड मिसळतात. तो कधीही हुंगू नका.

दाब ९०० ते १,०५० पीएसआयच्या दरम्यान हवा. २१ अंशांना तो ७५० च्या आसपास असतो, ३० अंशांना ९०० च्या थोडा वर जातो. ३६.४ अंशांच्या पुढे बाटलीत द्रव असा उरतच नाही. दाब कमी असला तर नायट्रस कमी येतं, मिश्रण रिच होतं, गाडी नुसती सुस्त वाटते. दाब जास्त असला तर नायट्रस वाढतं आणि पेट्रोल मात्र तेवढंच राहतं. तिथे पिस्टन जातो. गरम करायला थर्मोस्टॅट किंवा प्रेशर स्विचचा इलेक्ट्रिक पट्टाच वापरा. ज्योत किंवा हीट गन बाटलीजवळही नको.

पुढे जाणारी जाळीची होज एक्झॉस्टपासून, फिरत्या भागांपासून आणि बॅटरी व स्टार्टरच्या पॉझिटिव्ह टोकापासून लांब न्या. तिची स्टीलची जाळी त्या टोकाला घासली तर शॉर्ट होऊन होज वितळते. पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, आणि थोड्या थोड्या अंतरावर क्लिप. फ्लेअर जोडांना टेफ्लॉन टेप लावू नका. टेपचा एक तुकडा सुटून सोलेनॉइडमध्ये अडकला तर सोलेनॉइड बंदच होत नाही. निमुळत्या पाइप आट्यांना द्रव टेफ्लॉन सीलंट, तोही पहिले दोन आटे सोडून. नायट्रसच्या बाजूला तेल किंवा ग्रीस अजिबात नको. होज सोलेनॉइडला जोडण्याआधी तिचं तोंड माणसांपासून दूर धरून बाटली क्षणभर उघडा, आतला कचरा उडून जाईल. हातमोजे आणि चष्मा घाला. द्रव त्वचेला लागला तर मांस गोठतं.

रूढीप्रमाणे निळं नायट्रस, लाल पेट्रोल. जेट घालताना मोठ्याने वाचा आणि दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. दोन्ही जेट अदलाबदल झाले तर पहिला रन शेवटचा ठरतो.

वायरिंग

सोलेनॉइड बराच करंट ओढतात, म्हणून रिले हवाच. बॅटरीपासून फ्यूज, रिले आणि तिथून दोन्ही सोलेनॉइड. रिलेच्या कॉइलच्या वाटेत एकामागे एक: झाकण असलेला मुख्य स्विच, थ्रॉटलजवळचा मायक्रो स्विच, आरपीएम विंडो स्विच आणि पेट्रोलच्या दाबाचा स्विच. यातला एकही उघडा असेल तर काही सुरू होणार नाही. विंडो स्विच ३,००० किंवा ३,५०० ला सुरू आणि रेव्ह लिमिटरच्या (इंजिनाला ठरावीक वेगापुढे जाऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) ३०० ते ५०० आरपीएम आधी बंद करा. लिमिटरने पेट्रोल तोडलं आणि नायट्रस चालूच राहिलं तर काय होईल ते वर सांगितलंच आहे.

जुन्या गाडीची थ्रॉटल केबल ताणलेली असते. कुणाला तरी पेडल पूर्ण दाबायला सांगून बॉनेटखाली पाहा: थ्रॉटल खरंच पूर्ण उघडतो का? त्यानंतरच मायक्रो स्विच बसवा. इंजिनाचे धक्के बसूनही तो हलू नये इतका पक्का हवा. अर्थचा बिंदू घासून उघड्या धातूवर घ्या. जुन्या वायरिंगमधले निम्मे भूतबाधेचे प्रकार खराब अर्थमुळे होतात.

पहिली चाचणी

बाटली बंद ठेवून पेट्रोलचा दाब चढवा आणि गळती पाहा. मग इंजिन बंद असताना बाटली उघडा, प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फिरवा. होजमधला दाब काही वेळ तसाच राहायला हवा.

त्यानंतर बाटली बंद करा, नायट्रस सोलेनॉइडची वायर काढा, इंजिन आयडलला ठेवा आणि पेट्रोलचा सोलेनॉइड क्षणभर चालवा. मिश्रण रिच होऊन इंजिन गुदमरलं पाहिजे. गुदमरलं नाही तर पेट्रोल पोहोचतच नाही, पुढे जाऊ नका. आता उलट तपासणी: आयडलवर असताना बाटली उघडा. आरपीएम वाढले तर नायट्रसचा सोलेनॉइड गळतोय. बंद इंजिनात असं नायट्रस मॅनिफोल्डमध्ये साचलेलं असण्याची शंका आली तर इंजिन सुरू करायला जाऊ नका. बाटली बंद करा, इग्निशन तोडा, थ्रॉटल पूर्ण उघडून इंजिन काही सेकंद नुसतं फिरवा.

पहिला रन किटमधल्या सर्वांत लहान जेटवर, शक्यतो डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर). आधी नायट्रसशिवाय एक पूर्ण रन घ्या, म्हणजे तुलनेला आकडा मिळेल. मग नायट्रस दोन-तीन सेकंद. वाइडबँडवर (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण दाखवणाऱ्या सेन्सरवर) ११.५ ते १२ च्या दरम्यान वाचन हवं, १२.५ च्या दिशेने चढू लागलं की पाय उचला. टकटक ऐकू आली तरी तेच.

रन संपताच फुल थ्रॉटलवरून क्लच दाबून इग्निशन बंद करा आणि गाडी तशीच थांबू द्या. प्लग काढून भिंगाखाली पाहा. चिनी मातीवर मिरीसारखे काळे ठिपके किंवा ॲल्युमिनियमचे चकचकीत कण दिसले तर डेटोनेशन (मिश्रणाचा आपोआप होणारा स्फोट) होतंय: टायमिंग आणखी मागे, किंवा पेट्रोल जास्त. वरच्या वाकड्या पट्टीचा रंग निळसर पडला असेल तर ती फार तापली. सगळे प्लग पाहा, एक नाही. जुन्या मॅनिफोल्डमध्ये कडेच्या सिलिंडरला पेट्रोल कमी पोहोचणं नेहमीचंच.

बदल एका वेळी एकच करा. जेट वाढवला तर टायमिंग, प्लग आणि पेट्रोलचा दाब यांचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक रनची नोंद वहीत ठेवा: बाटलीचा दाब, बाटलीचं वजन, हवेचं तापमान, जेट, टायमिंग, पेट्रोलचा दाब.

दिवस संपला की बाटलीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि इंजिन सुरू असतानाच पर्ज व्हॉल्व्हने होजमधलं नायट्रस सोडून द्या, गेज शून्यावर येईपर्यंत. पर्ज नसेल तर सोलेनॉइडजवळचा जोड पान्याने अगदी हळू सैल करा. मुख्य स्विच बंद, झाकण खाली. बाटली गाडीतून काढून, वजन करून, उन्हापासून दूर उभी ठेवा.